लॅपटॉप घेताना: कशाचे पैसे आजच मोजायचे, कशाचे नंतर

मार्च २०२५ मध्ये ॲपलने एम४ चिपचा मॅकबुक एअर आणला, तेव्हा भारतात त्याची किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. १६ जीबी रॅमची २४ करायची तर २०,००० रुपये जादा. २५६ जीबी साठवणीची ५१२ करायची तर आणखी २०,०००. भागाकार केला तर रॅम जीबीमागे अडीच हजारांना पडत होती आणि साठवण अठ्ठ्याहत्तर रुपयांना. सुट्या रॅमचा तेव्हाचा भाव याच्या जवळपासही नव्हता. ही लूट आहे की नाही यावर चहाचे चार कप सहज संपतात, पण त्यातून कुठला लॅपटॉप घ्यायचा हे ठरत नाही.

ठरवायला तीनच गोष्टी बघायच्या. जे नंतर बदलता येणार नाही त्याचे पैसे आज मोजा. जे बदलता येईल त्यासाठी आत जागा आहे ना, एवढंच पाहा. आणि जे अजून यायचंय, मग ते एखादं एआय फीचर असो की कंपनीचं पुढच्या वर्षीचं वचन, त्याचे पैसे मोजूच नका. खालचा सगळा खटाटोप या तीन खणांत कुठली वस्तू टाकायची हे शोधण्यासाठी आहे.

आधी स्लॉट शोधा, मग भाव बघा

जाहिरातीत ‘१६ जीबी रॅम’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं. त्याच्यापुढचे बारीक शब्द वाचा. ‘एलपीडीडीआर५’ किंवा ‘एलपीडीडीआर५एक्स’ असेल तर रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे असं धरून चाला; ती वाढत नाही. याला अपवाद एलपीकॅम२ या नव्या मॉड्यूलचा. ते स्क्रूने आवळून बसवतात आणि काढताही येतं. २०२४ च्या लेनोवो थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये ते होतं. पण अशी मॉडेल्स अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

नुसतं ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ लिहिलं असेल तर तीन शक्यता: दोन स्लॉट, अर्धी सोल्डर केलेली आणि एक स्लॉट, किंवा पूर्णच सोल्डर केलेली. दुकानदार ‘हो, वाढते की’ म्हणेल. त्याच्या शब्दावर जाऊ नका, कारण एकाच नावाच्या मालिकेत चार वेगवेगळे बोर्ड असतात आणि ते त्यालाही ठाऊक नसतात. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा किंवा खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि कंपनीच्याच कागदात शोधा. लेनोवोची पीएसरेफ नावाची साइट आहे. तिथे प्रत्येक मॉडेलसमोर ‘मेमरी स्लॉट्स’ ही ओळ स्पष्ट असते. एचपीची ‘मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड’ पीडीएफ मिळते, त्यात झाकण उघडण्यापासून प्रत्येक भागाचं चित्र असतं. डेलच्या ‘ओनर्स मॅन्युअल’मध्येही तेच. मॉडेलची ही पीडीएफ सापडतच नसेल तर तेवढ्यावरूनच कंपनीबद्दल पुष्कळ कळतं.

लॅपटॉप समोर असेल तर काम दोन मिनिटांचं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर २ पैकी १ दिसलं आणि ‘फॉर्म फॅक्टर’ समोर सोडिम (म्हणजे काढता-घालता येणारी सुटी स्टिक) असेल तर एक जागा रिकामी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम सोल्डर केलेली. मात्र काही बोर्ड सोल्डर केलेल्या रॅमलाही स्लॉट म्हणून मोजतात, म्हणून मॅन्युअलशी एकदा ताडून बघा.

अर्धी सोल्डर, अर्धी स्लॉटमध्ये अशा लॅपटॉपात गणित जरा वेगळं. बोर्डावर ८ आणि स्लॉटमध्ये ८ टाकली तर दोन्ही चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा, बरोबरीने चालतात. स्लॉटमध्ये १६ टाकली तर एकूण २४ होते. त्यातली पहिली १६ दोन्ही चॅनेलवर, उरलेली ८ एकाच चॅनेलवर. रोजच्या वापरात हा फरक जाणवत नाही, म्हणून ‘जोडी जुळत नाही’ या भीतीने १६ ची स्टिक टाळण्याचं कारण नाही.

एकच स्टिक असलेला लॅपटॉप मात्र टाळा किंवा दुसरी स्टिक लगेच टाका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्राचं सगळं काम याच रॅममधून होतं आणि एका स्टिकवर तिचा वेग निम्मा असतो. इंटेलच्या अकराव्या ते तेराव्या पिढीतल्या बऱ्याच लॅपटॉपांवर ‘आयरिस एक्सई’चं स्टिकर असतं, पण आत एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएचडी ग्राफिक्स’ असं नाव दिसतं. दुसरी स्टिक टाकली की नाव आपोआप बदलतं. पैसे आयरिसचे, माल यूएचडीचा.

सोल्डर करण्यामागे दरवेळी लबाडीच असते असं नाही. चिप आणि रॅम यांच्यातलं अंतर कमी केलं की वीज कमी लागते आणि वेग जास्त मिळतो. दुरुस्त करता येणारे लॅपटॉप हीच ओळख असलेल्या फ्रेमवर्कनेसुद्धा २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आपल्या डेस्कटॉपात रॅम सोल्डर केली, कारण त्यातल्या एएमडीच्या चिपला लागणारी २५६ बिटांची रुंद वाट सुट्या स्टिकवर पूर्ण वेगाने चालेना. इंटेलच्या लूनर लेक चिपांत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे, १६ किंवा ३२ जीबी, बस. ती किती हे प्रोसेसरच्या नावातच असतं: २५६व्ही म्हणजे १६, २५८व्ही म्हणजे ३२. कारण खरं असलं तरी खरेदीदाराला निष्कर्ष एकच: अशा मशिनात रॅमचा निर्णय बिल फाडण्याआधी घ्यायचा.

एसएसडीच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ बरी. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपांत एम.२ एसएसडी असते आणि ती बदलता येते. फक्त लांबी बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब; २२४२ आणि २२३० या तिच्या आखूड बहिणी. आत २२४२ ची जागा असेल तर २२८० बसणार नाही. मॅकबुकमध्ये साठवणही बोर्डावरच सोल्डर असते. शिवाय २०२२ च्या एम२ मॅकबुक एअरच्या २५६ जीबी मॉडेलमध्ये एकच फ्लॅश चिप होती, त्यामुळे ते वाचनात ५१२ च्या मानाने बरंच हळू होतं. सगळ्यात स्वस्त मॉडेल कधीकधी नुसतं लहान नसतं, हळूही असतं.

तुम्हाला किती लागते ते अंदाजाने ठरवू नका

सध्याच्या लॅपटॉपवर नेहमीचं काम नेहमीसारखं उघडा: ब्राउझरचे टॅब, व्हिडिओ कॉल, एक्सेल, जे असेल ते. मग टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’ हा आकडा पाहा, म्हणजे सगळ्या कामांनी मिळून मागितलेली मेमरी. ‘इन यूज’ पाहू नका. रॅम कमी असली की विंडोज बराच भाग डिस्कवर ढकलतं आणि तो आकडा खोटा दिलासा देतो. कमिटेड १३-१४ जीबी असेल तर १६ पुरते, पण पाच वर्षं पुरेल असं नाही. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघा. हिरवा राहिला तर आहे ती पुरते. कामाच्या वेळी पिवळा होत असेल तर पुढचा लॅपटॉप वरच्या टप्प्याचा घ्या. रॅम ‘भरलेली’ दिसली म्हणून घाबरू नका, मॅक रिकामी रॅम ठेवतच नाही.

८ जीबीचा सोल्डर केलेला लॅपटॉप आज कुणीच घेऊ नये, कितीही सवलत असली तरी. ॲपलनेही ३० ऑक्टोबर २०२४ ला किंमत न वाढवता एअरची सुरुवात १६ जीबीपासून केली. ऑफिस, अभ्यास, अकाउंट्स यांना १६ पुरते. व्हर्च्युअल मशीन, डॉकर, मोठ्या फोटो फायली, व्हिडिओ संपादन, किंवा आपल्याच मशिनवर भाषेची मॉडेल्स चालवायची असतील तर ३२ धरा. आठशे कोटी पॅरामीटरचं एक मॉडेल चार बिटांत दाबलं तरी पाचेक जीबी खातं, आणि बाकी सगळं त्याच्या शेजारी चालायला हवं.

अपग्रेडच्या भावाचा हिशेब

एका कागदावर चार आकडे लिहा: मूळ मॉडेलची किंमत, हव्या त्या मॉडेलची किंमत, त्याच क्षमतेची सुटी रॅम किंवा एसएसडी आज कितीला आहे ती किंमत, आणि ती बसवण्याची मजुरी. पहिल्या दोहोंतला फरक आणि शेवटच्या दोहोंची बेरीज यांची तुलना करायची. स्लॉट असेल आणि कंपनी दीडपटीपेक्षा जास्त घेत असेल तर मूळ मॉडेल घ्या आणि भाग नंतर टाका. दीडपटीच्या आत असेल तर कंपनीचंच घ्या. सगळ्याची वॉरंटी एका छत्राखाली राहते आणि बिघाड झाल्यावर ‘तुमच्या रॅममुळे झालं’ हे ऐकावं लागत नाही.

काढलेली जुनी स्टिक या हिशेबात जमेला धरू नका. ८ ची स्टिक विकून फारसं काही हाती येत नाही. म्हणून दोन स्लॉटच्या लॅपटॉपात ‘८ अधिक ८’ पेक्षा ‘१६ एक स्टिक, एक स्लॉट रिकामा’ हे बरं: आज एक १६ टाकली की ३२ होते आणि काहीही फेकावं लागत नाही.

हा नियम भाव स्थिर असतानाचा. भाव चढते असले की तो उलटतो. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की साध्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. अशा काळात जुन्या भावाने बनून दुकानात पडलेला ३२ जीबीचा लॅपटॉप, १६ चा घेऊन वर सुटी स्टिक टाकण्यापेक्षा स्वस्त पडू शकतो. म्हणूनच चारही आकडे त्याच दिवशीचे हवेत. सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओत ऐकलेला रॅमचा भाव या कागदावर लिहू नका.

व्यवसायासाठी घेत असाल तर लॅपटॉपवरचा १८ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, पण बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक हवा; नंतर घालून मिळायला वेळ खातो. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाइतकी सूट मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. तीही अपग्रेडच्या फरकात मिळवा.

नवी फीचर्स: कशाला पैसे, कशाला नुसती मान डोलवायची

पडदा नंतर बदलणं परवडत नाही, म्हणून पैसे टाकायची पहिली जागा तीच. मधल्या किमतीच्या लॅपटॉपांत ‘४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स’ असा पडदा सर्रास असतो. यातला पहिला आकडा रंगांचा, दुसरा उजेडाचा. रंग फिकट, आणि खिडकीजवळ बसलं की स्वतःचाच चेहरा दिसतो. जाहिरातीत ही ओळ लपवलेली असते. पीएसरेफमध्ये ती सापडते. त्याऐवजी ‘१०० टक्के एसआरजीबी, ३०० निट्स’ किंवा वरचा घ्या. चार-पाच हजार जास्त लागले तरी हरकत नाही. ओएलईडी सुंदर दिसतो, पण मंद उजेडात तो फडफडत प्रकाशतो आणि काही जणांचे डोळे दुखतात. दिवसभर एकच टास्कबार उघडा राहिला तर त्याचा डागही ओएलईडीवर उमटू शकतो; अशा कामाला साधा आयपीएस पडदाच बरा.

‘एआय पीसी’ या स्टिकरला मात्र काडीची किंमत देऊ नका. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ ठरवला, त्याची अट स्पष्ट आहे: न्यूरल प्रोसेसर, म्हणजे एआयच्या कामासाठीचा वेगळा भाग, किमान ४० टॉप्सचा (सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया), रॅम १६ जीबी, साठवण २५६ जीबी. इंटेलच्या पहिल्या कोअर अल्ट्रा चिपांचा न्यूरल प्रोसेसर ११ टॉप्सच्या आसपास आणि २००एच मालिकेचा १३ च्या. दोन्हींवर एआयचं स्टिकर आहेच. इंटेलची लूनर लेक, एएमडीची रायझन एआय ३०० आणि क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स या चिपा अटीत बसतात. पण अटीत बसणाऱ्यांनाही ‘रिकॉल’ हे, पडद्यावर पूर्वी पाहिलेलं शोधून देणारं, मुख्य फीचर जून २०२४ ऐवजी, सुरक्षिततेच्या वादानंतर, एप्रिल २०२५ मध्ये मिळालं. न्यूरल प्रोसेसर फुकट आला तर येऊ द्या, त्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका. तेच पैसे रॅमला लावले तर एआयलाही जास्त उपयोग होतो.

प्रोसेसरच्या नावात एक सापळा आहे. एएमडीच्या रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू ही नावं भावंडांसारखी वाटतात. या ७००० मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो: २ म्हणजे २०१९ ची झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. ७५२०यू मध्ये जुने चारच कोअर आहेत आणि रॅम सोल्डरच. ७५३०यू मध्ये सहा. एका अंकाने लॅपटॉपचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी कमी होतं.

स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपची बॅटरी खरोखर चांगली टिकते. साधी विंडोज सॉफ्टवेअर अनुवादाच्या थरातून चालतातही, पण ड्रायव्हर चालत नाहीत. ते एआरएम६४ साठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या रचनेसाठीच, लिहिलेले असावे लागतात. म्हणून विकत घेण्याआधी यादी करा: डिजिटल सहीचं डीएससी टोकन, जुना प्रिंटर, बायोमेट्रिक मशीन, आणि डीटीपीवाल्यांसाठी श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचा डोंगल. प्रत्येकाच्या कंपनीला ‘विंडोज एआरएम६४ ड्रायव्हर आहे का’ एवढंच विचारा. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर इंटेल किंवा एएमडी घ्या.

पोर्टांत एकच गोष्ट पाहा: यूएसबी-सीवरून चार्ज होतो का. होत असेल तर चार्जर गेला तरी बहुधा कुठल्याही कंपनीचा ६५ वॉटचा पीडी (यूएसबी-सीवरून चार्ज करण्याचं सामाईक प्रमाण) चार्जर चालतो.

रॅम टाकण्याची पद्धत

१. वॉरंटी चालू असेल तर कंपनीला ईमेल करून विचारा की झाकण उघडल्याने वॉरंटीला धक्का लागतो का. फोनवरचं उत्तर धरू नका, लेखी हवं.

२. जी स्टिक आहे तिचा प्रकार आणि वेग नोंदवा. डीडीआर४ ची सोडिम २६० पिनांची, डीडीआर५ ची २६२. खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, लेबल वाचा. ३२०० आणि २६६६ अशा मिसळल्या तर दोन्ही कमी वेगाने चालतात. बिघडत काही नाही.

३. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. थिंकपॅडमध्ये बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) पॉवर विभागात ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ आहे, ते आधी करा. बाकीच्यांत झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची वायर बोर्डापासून काढणं. हे न करता रॅम काढली तर बोर्ड जळण्याची शक्यता खरी आहे.

४. खालचे स्क्रू काढताना ते जसे निघाले तशाच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावा. बिजागरीजवळचे बहुधा लांब असतात. लांब स्क्रू चुकून तळहात टेकतो त्या बाजूला आवळला तर कीबोर्डखालचं प्लास्टिक फुगतं किंवा फुटतं. काही एचपी मॉडेलांत दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण हलत नसेल तर आधी तिथे बघा.

५. झाकणाचे क्लिप जुन्या प्लास्टिक कार्डाने, बिजागरीच्या बाजूने सुरुवात करून उघडा. लोखंडी पेचकस घालू नका.

६. धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्टिक साधारण ३० ते ४५ अंशांत तिरकी घाला. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही बाजूच्या पकडी ‘टक्’ करून बसतात. एकच पकड बसली असेल तर स्टिक आत गेलेलीच नाही.

सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला तर लगेच बंद-चालू करत बसू नका. डीडीआर५ वर नवी रॅम पाहिली की बोर्ड तिची जुळणी करतो आणि पहिल्या वेळी यात काही मिनिटं जाऊ शकतात. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, तर चार्जर लावून थांबा. घाबरून इथेच मधे बंद केल्यामुळे जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहा मिनिटांनीही काही नाही झालं तर स्टिक काढून पुन्हा बसवा, मग एकेकटी लावून बघा. चालू झाल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी रात्रीतून होऊ द्या. एकही चूक दिसली तर स्टिक बदलून घ्या. ‘कधीकधीच हँग होतो’ अशी सुरुवात इथेच असते.

एसएसडी बदलताना काय अडतं

बिटलॉकर सगळ्यात जास्त लोकांना अडवतं. अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि हे कुणी सांगितलेलं नसतं. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यावर जाऊन ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडणारा क्रमांक) कागदावर उतरवा, मग बिटलॉकर स्थगित करा. हा क्रमांक नसेल तर जुन्या डिस्कवरचं काही परत मिळत नाही, दुकानातही नाही.

मग दोन मार्ग. जुनी डिस्क तशीच्या तशी नवीवर उतरवायची असेल तर यूएसबीचं एनव्हीएमई एन्क्लोजर, म्हणजे एसएसडी बाहेरून जोडायची डबी, लागतं. क्लोन झाल्यावर नवी डिस्क १ टीबीची असूनही सी ड्राइव्ह ५१२ चाच दिसतो, आणि ‘एक्स्टेंड’ बटण मंद असतं. कारण सी च्या मागे रिकव्हरीचा छोटा भाग येऊन बसलेला असतो. क्लोन करतानाच तो शेवटाला सरकवण्याचा पर्याय निवडा.

कोरं विंडोज टाकायचं असेल तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे बऱ्याच लॅपटॉपांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क खराब नसते. व्हीएमडी नावाची, डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असते. कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटी ड्रायव्हर उतरवून त्याच पेन ड्राइव्हमध्ये ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ करा. विंडोजचा परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो, तो जात नाही. सोबत आलेलं ऑफिस मात्र आधी स्वतःच्या खात्यावर चढवून घ्या.

लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन आणलेली एसएसडी लावल्याबरोबर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये बघा. ‘पॉवर ऑन अवर्स’ दोन-चारपेक्षा जास्त किंवा लिहिलेला डेटा शेकडो जीबी असेल तर ती वापरलेली आहे; बिलासह त्याच आठवड्यात परत करा. आणि पातळ लॅपटॉपात दोन्ही बाजूंना चिपा असलेली एसएसडी टाकू नका, ती बोर्डाला टेकते आणि झाकण नीट बसत नाही.

कंपनी राहील का?

उदाहरण इंटेलचंच घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये लाभांश थांबवला आणि सुमारे १५,००० लोक कमी करायचं जाहीर केलं. डिसेंबरात मुख्य कार्यकारी पॅट गेल्सिंगर बाहेर पडले, मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले. ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने जवळपास दहा टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने ५ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. यातल्या एकाही बातमीने कुणाच्या टेबलावरच्या इंटेल लॅपटॉपचं काही बिघडलं नाही. जी बातमी खरोखर लागू होती ती कुठे गाजलीच नाही: २०२५ मध्ये इंटेलने अकराव्या ते चौदाव्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर जुन्या मालाच्या रांगेत टाकले, म्हणजे दुरुस्त्या तीन महिन्यांनी आणि नव्या गेमसाठी पहिल्या दिवसाची सोय बंद. शेअरचा भाव वाचण्यापेक्षा अशी पानं वाचा.

लॅपटॉप बनवणारी कंपनी बाजार सोडते तेव्हाचा त्रास वेगळा. सोनीने २०१४ मध्ये व्हायो विकला. तोशिबाने २०१८ मध्ये आपला लॅपटॉपचा धंदा ८०.१ टक्के शार्पला दिला, उरलेला २०२० मध्ये. अशा वेळी मशीन चालत राहतं. आधी बॅटरी मिळेनाशी होते, मग बायोसचे अपडेट थांबतात, आणि मदरबोर्ड गेला तर लॅपटॉप भंगारात.

म्हणून खरेदीआधी कंपनीला चार प्रश्न विचारून बघा. तीन वर्षांपूर्वीच्या त्याच मालिकेच्या मॉडेलची बॅटरी आज कंपनीकडे मिळते का? त्याच्या बायोसचा शेवटचा अपडेट कधीचा आहे? हे साइटवर सपोर्ट पानावर दिसतं, आणि दोन वर्षांहून जुना असेल तर तुमच्या मॉडेलचंही तेच होणार. तुमच्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर आहे की पार्सल पाठवावं लागतं? वॉरंटी घरी येऊन की नेऊन द्यायची, आणि ती वाढवायची मुदत कधी संपते? नाव मोठं की लहान यापेक्षा ही उत्तरं जास्त सांगतात.

अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्या मराठी वाचकांना फ्रेमवर्कचा मार्ग खुला आहे. २०२१ पासून त्याच तेरा इंची सांगाड्यात नवा मदरबोर्ड टाकता येतो, प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. कंपनी लहान आहे हा धोका आहेच, पण तिने भागांचे आराखडे खुले ठेवलेत. उद्या ती राहिली नाही तरी रॅम, एसएसडी आणि स्क्रू सगळे बाजारातलेच आहेत.

कुठलाही लॅपटॉप घेतलात तरी पहिल्याच आठवड्यात एका पेन ड्राइव्हवर त्याची सर्व्हिस मॅन्युअलची पीडीएफ, सध्याचा बायोस, नेटवर्क आणि टचपॅडचे ड्रायव्हर, आणि बॅटरीवर छापलेल्या भाग क्रमांकाचा फोटो ठेवून द्या. कंपनीने ते पान काढून टाकल्यावर ते दुसरीकडे धड मिळत नाही.